दहापैकी गुण नकोत, दोन-दोनची तुलना हवी

महोदय,

पावसाळा सरला की मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यांत पुढच्या उन्हाळ्याच्या जलसंधारण कामांचे आराखडे सुरू होतात. कोणत्या पाझर तलावातला गाळ आधी काढायचा, कोणत्या बंधाऱ्याची दुरुस्ती आधी धरायची, हे ठरवायला अनेक ठिकाणी निकषांचा एक तक्ता वापरतात. भूवैज्ञानिक, उपअभियंता, कृषी सहायक, सरपंच असे सगळे बसतात, प्रत्येक निकषाला दहापैकी गुण देतात आणि सरासरी काढली की तो त्या निकषाचा भार ठरतो. माझा आक्षेप या गुणांवर आहे. बसलेली माणसे जाणकार असतात, पण त्यांचे जाणतेपण या तक्त्यात उतरत नाही.

दहापैकी तीन किंवा चार गुण कोणीच देत नाही. जो निकष समितीने स्वतःच यादीत घेतला, त्याला तीन गुण देणे म्हणजे तो यादीत घेणाऱ्याचा अपमान, असे वाटते. त्यामुळे सगळे आकडे सात ते नऊमध्ये अडकतात. गाळ काढण्याच्या कामासाठी चार निकष धरू: गावाची पिण्याच्या पाण्याची टंचाई, तलावाखालचा खडक पाणी मुरू देतो की नाही, गाळाची प्रत, आणि दर घनमीटरचा खर्च. समितीने यांना अनुक्रमे ९, ८, ८, ७ गुण दिले तर बेरीज ३२ होते आणि भार शेकडा २८, २५, २५, २२ असे निघतात. म्हणजे पिण्याचे पाणी आणि गाळाची प्रत यांत फक्त तीन टक्क्यांचा फरक. त्याच समितीतल्या कोणालाही बाहेर चहाच्या टपरीवर विचारा, 'टँकरवर असलेले गाव आधी घ्यायचे की चांगला गाळ मिळणारे?' उत्तर एका क्षणात येईल आणि ते तीन टक्क्यांचे नसेल.

मोंढ्यातला हमाल दोन पोती उचलून कोणते जड ते लगेच सांगतो. एकच पोते देऊन नेमके किलो विचारले तर अडखळतो. एल. एल. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली याच स्वभावावर तुलनेच्या निर्णयाचा नियम मांडला. पुढे गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात निकषांचे भार काढण्याची जी पद्धत बसवली, तीत प्रत्येक वेळी फक्त दोन निकष समोर ठेवून विचारतात: यांतला महत्त्वाचा कोणता, आणि किती पट? १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ म्हणजे थोडा जास्त, ५ म्हणजे बराच जास्त, ७ म्हणजे फारच जास्त, ९ म्हणजे तुलनाच नको इतका जास्त. मधले २, ४, ६, ८ अधल्यामधल्या मतांसाठी.

चार निकषांच्या सहा जोड्या होतात, पाचांच्या दहा, सहांच्या पंधरा, सातांच्या एकवीस. सातच्या पुढे जाऊ नये. वीसएक प्रश्नांनंतर माणूस विचार करणे सोडतो आणि हात आपोआप ३ किंवा ५ वर जातो.

वरच्या चार निकषांवर एखाद्या जाणकाराने अशी उत्तरे दिली समजू. टंचाई खडकाच्या २ पट, गाळाच्या ४ पट, खर्चाच्या ६ पट महत्त्वाची. खडक गाळाच्या ३ पट, खर्चाच्या ४ पट. गाळ खर्चाच्या २ पट. चार ओळी, चार रकान्यांची सारणी आखायची. कर्णावर सगळीकडे १. टंचाईच्या ओळीत १, २, ४, ६. उलट बाजूला त्याचा व्यस्त, म्हणजे खडकाच्या ओळीत टंचाईसमोर १/२, गाळाच्या ओळीत १/४, खर्चाच्या ओळीत १/६. प्रत्येक ओळीतल्या चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढायचे, म्हणजे भूमितीय मध्य. साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचे बटण दोनदा दाबले की झाले. एक्सेलमध्ये त्यासाठी जिओमीन हे सूत्र तयारच आहे. टंचाईचा गुणाकार ४८, मूळ २.६३. खडकाचा ६, मूळ १.५७. गाळाचा १/६, मूळ ०.६४. खर्चाचा १/४८, मूळ ०.३८. चारांची बेरीज ५.२२. प्रत्येकाला बेरजेने भागले की भार मिळतात: टंचाई ५०, खडक ३०, गाळ १२, खर्च ७. अपूर्णांक सोडल्याने शंभराला एक कमी पडतो, एवढेच.

साटींची मूळ पद्धत सारणीच्या आयगेन सदिशावर (सारणीने गुणले तरी ज्यांचे आपसातले प्रमाण बदलत नाही अशा आकड्यांच्या रांगेवर) चालते, पण मते बऱ्यापैकी सुसंगत असतील तर दोन्ही वाटांनी जवळजवळ तेच आकडे येतात. तालुका पातळीवर भूमितीय मध्य पुरेसा आहे.

भार बदलल्याने यादी खरेच बदलते का, हे पाहायला दोन तलाव घेऊ. प्रत्येक निकषावर सर्वांत चांगल्या तलावाला १ आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. पहिला तलाव टँकरग्रस्त गावाचा: टंचाई १, खडक ०.८, गाळ ०.४, खर्च ०.४. दुसरा रस्त्यालगतचा, काळ्याभोर गाळाचा: टंचाई ०.४, बाकी तिन्हींवर १. दहापैकी गुणांच्या भारांनी पहिल्याला ०.६७ आणि दुसऱ्याला ०.८३ मिळतात, पोकलेन रस्त्यालगतच्या तलावात उतरते. जोडतुलनेच्या भारांनी पहिल्याला ०.८२ आणि दुसऱ्याला ०.७०. क्रम उलटा झाला. माणसे तीच, तलाव तेच.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती उत्तर देणाऱ्याची गफलत पकडते. टंचाई खडकाच्या दुप्पट आणि खडक गाळाच्या तिप्पट म्हटल्यावर टंचाई गाळाच्या सहापट यायला हवी; आपल्या जाणकाराने चारपट म्हटले. एवढे चालते. किती चालते ते मोजता येते. सारणीच्या प्रत्येक रकान्याची बेरीज करून तिला त्या निकषाच्या भाराने गुणायचे आणि चारही गुणाकारांची बेरीज करायची. आपल्या उदाहरणात, भार तीन दशांशांपर्यंत धरले (०.५०५, ०.३००, ०.१२२, ०.०७३) की ती ४.०३ येते. त्यातून निकषांची संख्या ४ वजा करून ३ ने, म्हणजे एक कमी संख्येने भागले की ०.०१. याला पुन्हा त्या आकाराच्या, डोळे मिटून भरलेल्या सारण्यांच्या सरासरी विसंगतीने भागतात. साटींच्या कोष्टकात ती चार निकषांना ०.९०, पाचांना १.१२, सहांना १.२४, सातांना १.३२ आहे. उत्तर पुन्हा ०.०१ च्या आसपास. हे गुणोत्तर ०.१० च्या आत असले की सारणी स्वीकारतात. चारच निकष असतील तर ०.०८ ची कडक मर्यादाही लावतात.

आता त्याच सारणीत एकच घर उलटे भरले गेले असे धरा: टंचाई खर्चाच्या ६ पट लिहायच्या ऐवजी खर्च टंचाईच्या ६ पट. टंचाईचा भार पन्नासावरून सव्वीसवर येतो, खर्चाचा सातावरून बावीसवर जातो आणि विसंगतीचे गुणोत्तर मर्यादेच्या कितीतरी पट पुढे जाते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती अज्ञानातून होत नाही, अर्जाच्या रचनेतून होते. कागदावर डावीकडे ९ पासून उजवीकडे ९ पर्यंत सतरा चौकटींची पट्टी छापतात. दहाव्या प्रश्नाला डावे-उजवे उलटते. यावर साधा उपाय म्हणजे प्रश्न दोन टप्प्यांत तोंडी विचारणे. आधी 'कोणता?', मग 'किती?'. व्यस्त अपूर्णांक लिहिण्याचे काम टिपून घेणाऱ्याने करावे, जाणकाराकडून १/६ लिहून घेऊ नये. जोड्यांचा क्रम प्रत्येक माणसासाठी वेगळा ठेवावा, नाहीतर ज्या निकषाचे नाव सतत आधी घेतले जाते तो उगाच जड होतो.

गुणोत्तर मर्यादेबाहेर गेले तर काही सॉफ्टवेअर स्वतःच सुचवतात की अमुक घरात ५ ऐवजी २ घाला. ते कदापि करू नये. ज्या तीन निकषांच्या तिकडीत उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत तेवढीच जाणकारापुढे ठेवावी, 'तुम्ही हे, हे आणि हे म्हणालात, यांत काय बदलावेसे वाटते?' असे विचारावे आणि काही बदलायचे नसेल तर तशी नोंद करून सारणी बाजूला ठेवावी. उलट एखाद्याची सारणी काटेकोर शून्य विसंगतीची आली तरीही शंका घ्यावी. बहुधा त्याने तीन प्रश्नांना उत्तरे दिली आणि उरलेली तीन घरे गुणाकाराने भरली. आणि सुसंगत मत म्हणजे बरोबर मत नव्हे, हेही आहेच. ठामपणे चुकीचा असलेला माणूस ०.१० च्या आत सहज राहतो.

एक खोड खुद्द मापपट्टीत आहे. एक निकष दुसऱ्याच्या ५ पट, दुसरा तिसऱ्याच्या ४ पट, तर पहिला तिसऱ्याच्या २० पट व्हायला हवा. पट्टी मात्र ९ वर संपते. माणसाचा दोष नसताना विसंगती दिसते. असे झाले तर तो तिसरा निकष यादीतून काढावा किंवा दुसऱ्याच्या पोटात घालावा.

निकषांची यादी करतानाच अर्धा निकाल लागतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. टँकरच्या फेऱ्या, अधिग्रहित विहिरी आणि हातपंप कोरडे पडण्याचा महिना हे तीन वेगळे निकष मांडले तर टंचाई तीनदा मोजली जाते. उलट खर्चाचे डिझेल, भाडे, वाहतूक असे तुकडे केले की खर्च फुगतो. जोडतुलना कितीही काळजीने केली तरी ही फूग उतरत नाही. आधी मुख्य निकष तीन-चार ठेवावेत, पोटनिकषांची तुलना त्या-त्या निकषाच्या आतच करावी आणि पोटनिकषाचा भार मुख्य भाराने गुणावा.

यापेक्षाही महत्त्वाची बाब प्रश्नाच्या शब्दांची. 'टंचाई महत्त्वाची की खर्च?' या प्रश्नाला अर्थच नाही. यादीतल्या सगळ्या तलावांचा खर्च घनमीटरमागे जवळपास सारखाच असेल, तर खर्च कितीही महत्त्वाचा वाटो, या निवडीत त्याचा भार शून्याजवळ हवा. म्हणून प्रत्येक जोडी विचारण्याआधी दोन्ही निकषांची दोन्ही टोके सांगावीत: सर्वांत वाईट तलाव कुठे, सर्वांत चांगला कुठे. मग विचारावे, 'टंचाईत या टोकापासून त्या टोकापर्यंतचा फरक जास्त मोलाचा की खर्चात या टोकापासून त्या टोकापर्यंतचा?' प्रश्न लांबतो, कंटाळवाणा होतो, पण मिळणारा आकडा वापरण्याजोगा असतो. यादीतून तलाव गळले किंवा नवे आले आणि टोके सरकली, तर भार पुन्हा विचारावे लागतात.

जे मोजता येते त्यावर मत मागू नये. गाळाचे घनमीटर, शेतापर्यंतचे अंतर, टँकरचे दिवस, निरीक्षण विहिरीतली पातळी हे आकडे दप्तरात असतात. ते सरळ घ्यावेत. मत लागते ते निकषांचे आपसातले मोल ठरवायला, आणि खडक किती मुरवील यासारख्या, आकड्यात पूर्ण न सापडणाऱ्या गोष्टींना. इथे मराठवाड्याची जमीन ध्यानात घ्यावी लागते. आपला बहुतेक भाग बेसाल्टचा. त्यात पाणी मुरते ते मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये. खाली घट्ट काळा पाषाण लागला की तलाव वरून भरलेला दिसतो आणि विहिरींना पाझर नसतो. नांदेडच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला ग्रॅनाइट लागतो, तिथले गणित वेगळे. आष्टी-पाटोद्याचा पाऊस वेगळा, किनवट-माहूरचा वेगळा. त्यामुळे एका तालुक्यात काढलेले भार दुसऱ्या तालुक्यात नकलून वापरणे चूक आहे. पद्धत सगळीकडे तीच ठेवा, आकडे मात्र तिथल्या माणसांचे घ्या.

ऋतूही आकड्यांत शिरतो. मे महिन्यात विचारले तर टंचाईचा भार वाढतो, नोव्हेंबरात विहिरी भरलेल्या असताना गाळाची प्रत आणि रब्बीचे पाणी वर येते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्याने तो उन्हाळा सोसला, त्याचे मत त्या आठवणीचे राहणारच, आणि त्यात गैर काही नाही. पण एकाच हंगामातल्या एकाच बैठकीवर पाच वर्षांचा आराखडा बेतू नये. दोनदा विचारावे आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत.

आता समितीचे. सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून जोड्या विचारल्या तर साहेबांनी 'पाच' म्हटले की बाकीचे माना डोलावतात. प्रत्येकाला वेगळे बसवून उत्तरे घ्यावीत, एकेकाची विसंगती तपासावी आणि मगच एकत्र करावे. एकत्र करताना साधी सरासरी चालत नाही. एक म्हणतो टंचाई खडकाच्या ३ पट, दुसरा म्हणतो १/३ पट. साधी सरासरी १.६७, उलट बाजूनेही १.६७. म्हणजे दोन्ही एकमेकांपेक्षा जास्त महत्त्वाचे! भूमितीय मध्य घेतला की १ येतो, दोन्ही बाजूंनी. घराघराचा भूमितीय मध्य काढून एकत्रित सारणी बनवावी आणि तिचे भार वरच्याच रीतीने काढावेत.

मात्र हा १ म्हणजे एकमत नव्हे. भूवैज्ञानिक ५ म्हणतो आणि कृषी सहायक १/५ म्हणतो तेव्हाही मध्य १ च येतो. अशी घरे वेगळी काढून त्या दोघांनाच समोरासमोर बसवावे. बरेचदा कळते की 'खडक' या शब्दाने एकाच्या डोळ्यांपुढे तलावाचा तळ होता आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे लाभक्षेत्रातली जमीन. निकषाची व्याख्या एका वाक्यात कागदावर लिहिली असती तर हे भांडण झालेच नसते. व्याख्या स्पष्ट असूनही मतभेद उरला, तर दोन्ही मतांचे भार लावून दोन याद्या काढाव्यात. पहिली पाच कामे दोन्ही यादींत तीच आली तर वाद तिथेच मिटतो. नाही आली तर कोणत्या कामावर खरा वाद आहे ते निदान समजते.

ग्रामसभेत १ ते ९ ची पट्टी नेऊ नये. तिथे 'किती पट' सोडून फक्त 'कोणते आधी' एवढेच विचारावे. सात कामांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून दोन-दोन समोर ठेवायची, एकवीस जोड्या, प्रत्येक जोडीत एक विजयी. विहिरी खोदणारे, पाणी भरणाऱ्या बाया, जुने सालदार यांना कोणती विहीर आधी आटते ते पक्के ठाऊक असते; त्यांना भारांकाची भाषा लागत नाही. (पाणाड्यालाही बोलवा, हरकत नाही, त्याची चिठ्ठी एकच धरायची.) उत्तरे सरळ असतील तर विजय ६, ५, ४, ३, २, १, ० असे पडतात आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ९१ होते. प्रत्यक्षातली बेरीज ९१ मधून वजा करून दोनाने भागले की किती तिकड्यांमध्ये चक्र झाले, म्हणजे क पेक्षा ख, ख पेक्षा ग आणि पुन्हा ग पेक्षा क असे झाले, ते कळते. विजय ५, ५, ४, ३, २, १, १ असे आले तर वर्गांची बेरीज ८१ आणि चक्रे ५. एकूण तिकड्या ३५ असतात. नुसते नाणे उडवून उत्तरे दिली तर सरासरी पावणेनऊ चक्रे पडतात. पाच चक्रे म्हणजे उत्तरे निव्वळ अंदाजाची नाहीत, पण मधल्या क्रमावर फार विसंबू नये. चक्रे आठ-नऊच्या घरात गेली तर ती यादी वापरूच नये. बहुतेक वेळा तिथे दोन-तीन कामे खरोखरच तुल्यबळ असतात किंवा प्रश्न समजलेला नसतो.

शेवटच्या क्षणी एखादे गाव घुसवण्याचा प्रकार सर्वांना माहीत आहे. साटींच्या पद्धतीत त्याने एक जास्तीचा घोळ होतो. प्रत्येक निकषावरचे गुण सगळ्या तलावांत मिळून बेरीज १ होईल असे वाटून दिले असतील, तर नवे नाव येताच जुन्या दोन तलावांचा आपसातला क्रमही उलटू शकतो. बेल्टन आणि गिअर या संशोधकांनी १९८३ मध्ये हे उदाहरणासह दाखवले आणि त्यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. वर मी सर्वांत चांगल्या तलावाला १ धरून बाकीचे प्रमाणात घेतले ते याचसाठी. नवा तलाव कोणत्याही निकषावर आतापर्यंतच्या सर्वोत्तमाच्या पुढे जात नसेल, तर त्या रीतीने जुन्यांचे आकडे हलत नाहीत आणि नवा फक्त आपल्या जागी जाऊन बसतो.

एका तालुक्यासाठी हे करायला सहा-सात जाणकार, प्रत्येकी पाऊण तास, आणि एक्सेल येणारा एक लिपिक एवढे पुरते. आराखड्याला जोडून दोन पाने प्रसिद्ध करावीत: निकषांच्या एका वाक्यातल्या व्याख्या आणि त्यांची दोन टोके, प्रत्येक जाणकाराची सारणी, नाव न घालता, फक्त हुद्द्यासह, प्रत्येकाचे विसंगती गुणोत्तर, एकत्रित भार, आणि पहिल्या निकषाचा भार दहा टक्क्यांनी कमी-जास्त केल्यास यादीतली कोणती नावे वर-खाली होतात ते. आज बहुतेक आराखड्यांना फक्त शेवटची यादी जोडलेली असते. आपले गाव अकराव्या क्रमांकावर का, असे कोणी विचारले तर दाखवायला ही दोन पाने असतील, आणि आक्षेप घेणाऱ्यालाही नेमक्या कोणत्या घरावर बोट ठेवायचे ते कळेल.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, परभणी